चिमूटभर तपकीर

रुसापे
१६ फेब्रुवारी १९९७

शुंबा,

तू असशील तर मी आहे. एस्नाथ आहे, शेळ्या आहेत, मका गुडघ्याच्या वर आलाय.

पण मी रागावलोय. तुझ्या पायाची बातमी मला बसच्या ड्रायव्हरनं द्यावी? भर बसमध्ये म्हणतो कसा, "बाबा, तुमचा हरारेचा शिंपी लंगडायला लागला. डॉक्टरनं सांगितलंय, सिगारेट सोड नाहीतर पाय सोड." कोंबड्या घेऊन बसलेल्या बायकांना माझ्याआधी कळलं! अरे, मी तुझा साव्हिरा. माझ्या आजानं तुझ्या आजाला खांदा दिला तेव्हापासून आपल्या दोन घरांचं हे नातं. तुझ्या घरी मयत झालं की रडणाऱ्यांना हसवायचं काम माझं, आणि तू चुकलास की तुला चारचौघांत शिव्या द्यायचा हक्कही माझा. मग तुझ्या पायाची बातमी मला शिळी कशी मिळते?

शुंबा म्हणवून सिंहाचं देवक मिरवता आणि कागदात गुंडाळलेल्या चिमूटभर पाल्यापुढे शेपूट घालता. आम्ही सोको, माकडाच्या देवकाचे, पण आम्ही निदान फळं खातो.

आता नीट ऐक. मी उभा जन्म तंबाखूच्या भट्ट्या राखल्या. मळ्याच्या मालकाच्या पोराला वाटायचं, लाकडं ओढून पाणी मारलं की भट्टी विझली. विझते, पण भिंतीला तडा जातो. आग हळूहळू उतरवायची असते. रोज एक सिगारेट कमी कर, तोंडात शेंगदाणे टाक, हाताला काम दे. मनाला फार हिसका देऊ नकोस.

सप्टेंबरात तुझ्या गारिकाईला मातीत जाऊन वर्ष होऊन गेलेलं असेल. पोराच्या आत्म्याला घरी, पूर्वजांत आणायचंय. किती दिवस बाहेर झाडाखाली उभा राहील तो? एस्नाथनं नाचणी वेगळी काढून ठेवलीय, मोड आणून दारू गाळायची. तपकीर मी आणतो. तू फक्त दोन पायांवर ये.

तुझा सोको,
मुचादेई


म्बारे, हरारे
९ मार्च १९९७

सोको,

पत्र मिळालं. सिगारेट सुटली.

रोज एक कमी वगैरे करावं लागलं नाही. दवाखान्यातल्या नर्सनं एका बाईंचं नाव दिलं. खुमालोबाई. बुलावायोच्या आहेत. संमोहन करतात. मला वाटलं डोळ्यांपुढे घड्याळ हलवतील. तसलं काही नव्हतं. एक खुर्ची होती, जाड पडदा होता. बाई साध्या आवाजात बोलत होत्या. म्हणाल्या, तुम्ही नदीकडे उतरताय, उतार सोपा आहे, अंग सैल पडतंय. पडलं. म्हणाल्या, तंबाखूजवळ गेला की तुमचा हात दगडासारखा जड होतोय. झाला.

मग विचारलं, सिगारेट सगळ्यात गोड कुठं लागते? मी जागा सांगितली. त्या म्हणाल्या, तिथं आता टायर जळतोय, धूर डोळ्यांत चाललाय, उठा आणि तिथून निघा. मी मनातल्या मनात उठलो आणि निघालो.

डोळे उघडल्यावर विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, काही नाही.

बाहेर आल्यावर खिशातलं पाकीट पहारेकऱ्याला दिलं. चाळीस वर्षांची सवय. निरोप द्यावासाही वाटला नाही.

मशीन चालू आहे. शाळेचे गणवेश शिवतोय.

तापेरा


रुसापे
३० मार्च १९९७

शुंबा, अरे शुंबा!

तू असशील तर मी आहे, आणि आज जरा जास्तच आहे. तुझं पत्र मी बिअर प्यायला बसलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हातारा गवाटिझो म्हणाला, "सिगारेट सुटली? तापेराची? मग आता बैल वासरू देईल." मी म्हटलं, देईलही. खुमालोबाईंच्या पुढे नेऊन बसवा.

मी ते बाईंचं सगळं एस्नाथवर करून पाहिलं. तिला खुर्चीत बसवलं. म्हटलं, एस्नाथ, तुझं अंग सैल पडतंय, तुझी जीभ जड होतेय, दगडासारखी जड. ती म्हणाली, "शेळ्या मक्यात शिरल्यात आणि तुला खेळ सुचतोय." जीभ काही जड झाली नाही. तिच्या जिभेला हरारेचीच बाई हवी.

मी किती हलका झालोय तुला कसं सांगू. पोर गेलं, त्यात तुझा पायही गेला असता तर मी कुणाशी भांडायचं?

एक गोष्ट मात्र टोचली. तुझ्या पत्रात सुरुवातीला 'तू असशील तर मी आहे' नव्हतं. आपल्या शाळामास्तरनं छडी मारून शिकवलेली ओळ आहे ती. घाईत राहिली असेल. आणि गारिकाईचं नावही नव्हतं. त्याच्या कार्याबद्दल मी विचारलं होतं, त्यालाही उत्तर नाही.

तर मीच ठरवतो. सप्टेंबरचा शेवट. घरातला मोठा तू, म्हणून तपकीर हातात घेऊन पूर्वजांशी तू बोलायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. दारू एस्नाथ बघेल. पायाला जप.

सोको


म्बारे
४ मे १९९७

सोको,

डॉक्टरनं पाय तपासला. रक्त पूर्वीपेक्षा बरं फिरतंय म्हणाले. कापावा लागणार नाही, सिगारेट परत धरली नाही तर. गारिकाईची आई तिथंच दवाखान्यात गुडघ्यांवर बसून टाळ्या वाजवायला लागली. मी चप्पल घातली आणि बाहेर येऊन उभा राहिलो.

पाऊल अजून बधिर आहे. मशीनचं पायडल दाबतो, ते हलताना दिसतं म्हणून कळतं की पाय चाललाय. कधी कधी वाटतं दुसराच कुणी शिवतोय. शिवण सरळ येते.

कार्याचं. चेंजेराईशी बोललो. तो बोलेल. माझा सख्खा भाऊ आहे, गारिकाईचा धाकटा बाप आहे. चालेल.

कारण सांगतो. ईस्टरला मेव्हण्याकडे गेलो होतो. त्यांच्याकडे आजारी माणसासाठी तपकीर घेऊन पूर्वजांना हाक मारायची होती. डबी फिरत माझ्याकडे आली. हात उचलेना. जड झाला, अगदी तसाच, बाई म्हणाल्या होत्या तसा. टायरचा वास आला. डबी पुढे गेली. लोकांनी पाहिलं.

म्हणजे संमोहन पक्कं बसलंय. ते हलवलं तर सिगारेट परत येईल आणि पाय जाईल. त्यापेक्षा चेंजेराई बरा.

थंडी पडायला लागली. तुझ्यासाठी कोट शिवून पाठवतो.

तापेरा


रुसापे
२५ मे १९९७

तापेरा,

शुंबा म्हणणार नाही. सिंहाला लाज वाटेल.

चेंजेराई? जो स्वतःच्या लग्नात सासऱ्याचं नाव विसरला तो? बाप जिवंत, धडधाकट, आणि पोराला घरी घ्यायचा निरोप काका देणार? तिकडे मेलेल्यांत तुझा बाप विचारेल, "तापेरा मेला का?" काय सांगायचं आम्ही? तो हरारेत शाळेच्या चड्ड्या शिवतोय आणि त्याचा हात जड झालाय?

हातच जड झालाय ना? मग ज्या बाईंनी जड केला त्यांच्याकडे जा आणि म्हण, बाई, सिगारेटीचं कुलूप राहू द्या, पण तपकिरीपुरती खिडकी उघडा. एका दिवसापुरती. तेवढं येत नसेल तर कसली शिकलेली बाई! आणि लवकर जा. नोव्हेंबर लागला की आपल्यात पूर्वजांचं काही करता येत नाही, मग पोर पुढचा पावसाळाही बाहेर काढील.

कोट नको. आला तर शेळीला घालीन.

दुसरं. तू बाईंना गोड लागणारी जागा सांगितलीस म्हणालास. कुठली सांगितलीस? मी तुला मिसरूड फुटल्यापासून ओढताना पाहिलंय. मशीनपाशी तू ओढत नाहीस, कापडाला वास लागतो. बिअर पिताना ओढतोस पण चव घेत नाहीस. मग कुठली?

मुचादेई

एस्नाथ म्हणते, इतकं कडक लिहू नकोस. पण हे तिनं पाकीट चिकटवल्यावर सांगितलं, आणि आता मी ही ओळ पाकिटावरच लिहितोय. पोस्टमन, तूही वाच.


म्बारे
२२ जून १९९७

सोको,

पोस्टमननं वाचलं. माझ्याकडे दयेनं बघत होता.

खुमालोबाईंकडे गेलो. त्यांना म्हटलं, कुलूप काढा. म्हणाल्या, "बाबा, मी कुलूप लावलेलंच नाही. मला लावता येत नाही. मी नुसती बोलते, करायचं ते समोरचा माणूस करतो. लोकांना चार-चार वेळा यावं लागतं, मध्ये भांडतात, रडतात, परत ओढतात, परत येतात. तुम्ही एका बैठकीत उठून गेलात. इतका सोपा माणूस मला आजवर भेटला नाही. मला तेव्हाच ते बरं वाटलं नव्हतं."

मग म्हणाल्या, "आणि तपकिरीचं मी तुम्हाला विचारलं होतं. आठवत नाही?"

आठवत होतं. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. त्याही पूर्वजांना मानणाऱ्या, तपकिरीचं त्यांना माहीत आहे. त्यांनी डोळे मिटायला सांगण्याआधीच विचारलं होतं, पूर्वजांपुढची तपकीर बाजूला ठेवायची ना? मी म्हटलं, नको. सगळंच बंद करा. मला त्यांच्याशी काही बोलायचं नाही.

ज्यांनी पोराला राखलं नाही त्यांच्याशी काय बोलू? तो वाळत गेला, महिन्यामागून महिना. ज्या आजाराचं नाव आपण कुणी घेत नाही त्यानं. त्या अख्ख्या काळात मी किती वेळा तपकीर सांडली जमिनीवर, तुला माहीत आहे. कुणी ऐकलं?

जागा विचारलीस. मागच्या दारचं बाकडं. संध्याकाळी शेवटची गाडी लावून तो यायचा, गळ्यात ती कंडक्टरची सुट्ट्या पैशांची पिशवी, ओरडून घसा बसलेला. आम्ही दोघं तिथं बसून एक-एक ओढायचो. बोलायचो नाही फार. तीच जागा मी बाईंना दिली. दुसरी नव्हतीच.

आता तिथं टायर जळतो. सिगारेट आठवत नाही, आणि तोही आठवत नाही. म्हणजे नाव आठवतं, उंची आठवते, कमरेचं माप आठवतं. चेहरा येत नाही. गारिकाईची आई संध्याकाळी एकटी त्या बाकड्यावर बसते. मी मशीनपाशी असतो.

पुरलं त्या दिवशी तू त्याच्यासारखा ओरडत गर्दीतून फिरलास, "सरका, सरका, मागे जागा आहे!" म्हणत. लोक हसले, मग रडले. मी तुझ्या बुटांकडे बघत होतो. डाव्या बुटाची नाडी वेगळ्या रंगाची होती. त्या दिवसाचं मला तेवढंच आठवतं. म्हणजे हे बाईंच्या खुर्चीत सुरू झालेलं नाही.

चेंजेराईला बोलू दे.

तापेरा


रुसापे
२० जुलै १९९७

शुंबा,

तू असशील तर मी आहे. आहे, पण आडवा.

हसायचं असेल तर हस. एस्नाथची नाचणी बघायला कणगीच्या शिडीवर चढलो आणि माकडाच्या देवकाचा माणूस पिकल्या फळासारखा खाली आला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात दोरी बांधून पाय टांगून ठेवलाय. सप्टेंबरात मी काही उठत नाही. म्हणजे तुला एक पाय आहे, मला एक पाय आहे, दोघांत मिळून एक माणूस उभा राहील.

तुझं पत्र मी परत परत वाचलं. कुणाला वाचून दाखवलं नाही. एस्नाथलाही नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारत होता, "म्हाताऱ्या, काय वाईट बातमी?" मी म्हटलं, नाही, मित्राचं पत्र आहे.

मागचं पत्र मी रागात लिहिलं. तुझ्याशी भांडायला माझ्याकडे आता काही नाही. भट्टीला पाणी मारू नको असं मी तुला सांगत होतो, आणि तुझी भट्टी वर्षभरापूर्वीच विझलेली. बाईंनी नुसती राख चाळली.

कार्याला गावी ये. बोलू नकोस. तपकिरीला हात लावू नकोस. चेंजेराई बोलेल, चुकेल, आणि चालेल. तू नुसता तिथं उभा राहा, गारिकाईच्या आईच्या शेजारी. एवढं करशील?

मला येता येणार नाही, पण साव्हिऱ्याचं काम रिकामं ठेवता येत नाही. तुझ्या घरचं कार्य आणि माझी जागा ओस, असं आपल्या दोन घरांत कधी झालेलं नाही. तेव्हा मी पत्र पाठवीन, आणि एस्नाथ ते वाचील. ती तयार नाही. करते ती.

आणि कोट पाठव. शेळीला होणार नाही असं लक्षात आलं.

सोको


रुसापेचा दवाखाना
२१ सप्टेंबर १९९७

(हे एस्नाथनं गारिकाईची टोपी घालून, सगळ्यांपुढे, मोठ्यानं वाचावं. ओरडायचं तिथं ओरडावं. मध्ये थांबून प्रार्थना सांगू नये.)

सरका! सरका! आत सरका! मागे जागा आहे! आजी, कोंबडी मांडीवर घ्या, कोंबडीला तिकीट नाही! ए जाड्या, पोट दाराच्या आत ओढ!

ओळखलंत ना? मी गारिकाई. आवाज जरा बायकी झालाय, ते मातीत राहिल्यामुळे.

वर्ष होऊन गेलं, मी थांब्यावर उभा आहे. जन्मभर मी लोकांना गाडीत कोंबलं. चौघांच्या बाकावर सहा बसवले, सातव्याला म्हटलं, भाऊ, अर्धाच बस. आणि आता मला कुणी घेत नाही. आत आजोबा, पणजोबा, सगळे पाय पसरून घोरतायत. मी दार वाजवलं. म्हणाले, "कोण?" म्हटलं, "तापेराचा मुलगा." म्हणाले, "तापेराचा निरोप नाही आला." आणि परत घोरायला लागले.

बाबा, तुम्ही कुठं आहात? ते बघा, माझ्या आईच्या मागे लपलेत.

बाबा, तुम्ही हरारेतले नावाजलेले शिंपी. लोक लग्नाचे सूट तुमच्याकडे शिवायला टाकतात. आणि मला कुठल्या पँटीत पुरलंत? घोट्याच्या वर! इथले सगळे मेलेले मला विचारतात, पोरा, नदी ओलांडून आलास काय? मी आजारात वाळलो, बाबा, आखूड नव्हतो झालो. माप घ्यायचं होतंत. पण तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता, तेव्हापासून.

आणि ऐकलं की तुम्ही आपल्या म्हाताऱ्यांवर रागावलात. बरं केलंत. मीही रागावलोय. माझ्या अंगात आग होती आणि हे झोपले होते. पण मला सांगा, रागावलेला माणूस गप्प बसतो का? गाडीत कुणी पैसे बुडवले तर मी गप्प बसायचो? तुमचे वडील आठवतात? पाऊस नव्हता त्या साली घरातल्या पूर्वजांच्या ओट्यापुढे तपकीर घेऊन बसले आणि स्वतःच्या बापाला असल्या शिव्या घातल्या की बायकांनी पोरांचे कान झाकले. आळशी म्हणाले, बहिरा म्हणाले, फुकटची दारू पितोस म्हणाले. कुणी त्यांना अडवलं? तपकीर काय नुसती पाया पडायला असते? भांडायलाही तीच लागते.

मला गोड निरोप नको, बाबा. मला दार उघडून हवंय. मी उतरायला नाही, चढायला थांबलोय.

सरका! सरका! कोंबडीला तिकीट नाही!


म्बारे
१२ ऑक्टोबर १९९७

सोको,

तुझा खुबा कसा आहे? एस्नाथ म्हणाली, दोरी सोडली आणि तू नर्सना भट्टी कशी राखायची ते शिकवतोस.

तुला तिनं सांगितलंच असेल, पण तिला माझ्या बाजूचं माहीत नाही.

ती टोपी घालून उभी राहिली. चर्चमध्ये ज्या आवाजात प्रार्थना सांगते त्याच आवाजात तिनं "ए जाड्या, पोट आत ओढ" वाचलं. सगळे खाली बघायला लागले. मग पँटचं आलं. पहिल्यांदा गारिकाईची आई हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. म्हणाली, "आखूडच होती. मी बघितली होती." मग सगळे हसले. चेंजेराई तर जमिनीवर बसला. मी कुणाच्या बुटांकडे बघत नव्हतो. मी एस्नाथच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत होतो. तिच्या कडेला तेलाचा डाग आहे, गाडीच्या दाराला टेकून टेकून पडलेला. तो मला दिसला.

आम्ही कबरीवरून घरी आलो. चेंजेराई ओट्यापुढे बसला, शिंगाची डबी उघडली. त्यानं तोंड उघडण्याआधी मी म्हटलं, थांब. मी का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. धाडस वगैरे नव्हतं. तुझ्या पत्रातले ते घोरणारे म्हातारे डोळ्यांपुढून हलेनात.

डबी पुढे आली. हात जड झाला. टायरचा वास आला. मी तसाच बसलो. मग डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, उचललं आणि पुढे केलं, आजारी माणसाचा हात आपण उचलतो तसं. चेंजेराईनं तळव्यावर तपकीर ओतली. मी तो तसाच धरून ठेवला.

मी काय बोललो ते मला सगळं आठवत नाही. बापाला म्हटलं, तुम्हाला बहिरे म्हणत होते लोक, मी तुमच्या बाजूनं भांडलो होतो, आता नाही भांडणार. आजाला म्हटलं, तुमचं नाव पोराला द्यायचं होतं, बरं झालं नाही दिलं. तुम्ही झोपला होतात, सगळे झोपला होतात, माझं पोर जळत होतं आणि एकानंही कूस बदलली नाही. मागे टाळ्या चालू होत्या, संथ. कुणी अडवलं नाही. बोलता बोलता आवाज फाटला आणि पुढचं काही सुचेना. तेव्हा मी एवढंच म्हटलं:

"सरका. आत सरका. माझ्या पोराला जागा द्या."

तपकीर जमिनीवर ठेवली. बायकांनी जीभ हलवत आनंदाची आरोळी ठोकली.

मी रडलो नाही. तुला वाटत असेल रडलो असेन. नाही. जेवलो, दारू प्यायलो, झोपलो. फक्त हात धुतला नाही.

हरारेला परत येताना मारोंडेराच्या पुढे पुढच्या बाकावर कुणीतरी सिगारेट पेटवली. आणि सोको, मला तल्लफ आली. इतके महिने काहीच नव्हतं, आणि एकदम घशापासून पोटापर्यंत पीळ. तोंडाला पाणी सुटलं. मी खिडकी उघडून बाहेर तोंड काढलं. भीती वाटली. पाय आठवला. कित्येक दिवसांत मला भीती वाटली नव्हती.

खुमालोबाईंकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्या खूश झाल्या, वेड्यासारख्या. म्हणाल्या, "तल्लफ आली ना? आता सुरुवात करू." या वेळी पडदा ओढला नाही. म्हणाल्या, तल्लफ येते तेव्हा उठायचं नाही, पळायचं नाही, ती जाईपर्यंत बसायचं. पाणी प्यायचं. हाताला काम द्यायचं, शेंगा सोलायच्या. बाकड्यावरचा टायर त्यांनी विझवला, किंवा मी विझवला. आता तिथं नुसतं बाकडं आहे. शेंगदाणे आणि हाताला काम हे तूही सांगितलं होतंस, हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर तुझं डोकं फिरेल.

रोज संध्याकाळी गारिकाईच्या आईबरोबर बाकड्यावर बसतो. मध्ये सुपात शेंगा. तल्लफ येते, ती वेळ ओळखते. बसते, पिळते, जाते. अवघड आहे. मार्चपेक्षा फार अवघड आहे. तल्लफ असते तेव्हा तोही येतो. चांगला चेहरा नव्हे, साधाच. डोळे बारीक करून धूर सोडताना, पँटवर पडलेली राख झटकताना, आणि मी ओरडायचो, "ते कापड महाग आहे!" गारिकाईची आई विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही, राख सांडली त्यानं. ती सूप माझ्याकडे सरकवते.

काल मशीनवर बसलो आणि पायडल थंड लागलं. लोखंड, थंडगार. मग पावलाला मुंग्या आल्या, टाचेपासून बोटांपर्यंत. इतक्या की मशीन थांबवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, दुखेल अजून. मी म्हटलं, दुखू दे.

तुझा कोट या पत्राबरोबर पाठवतोय. माप आठवणीवरून घेतलेलं नाही. एस्नाथला दोरीनं मोजायला सांगितलं होतं, तू झोपलेला असताना.

तू असशील तर मी आहे.

तुझा शुंबा,
तापेरा